आबांची सही

आमच्या धंद्यात काम संपलं हे गिऱ्हाइकाला कळणार कसं? गवंड्याची भिंत दिसते, सुताराचं कपाट दिसतं. पियानोचे सूर लावणाऱ्याचं काय दिसणार? दोन तास टणटण करून माणूस निघून जातो, आणि पियानो होता तिथेच, होता तसाच उभा. म्हणून आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक सवय लावून घेतली होती. सगळ्या तारा लावून झाल्या की उभ्या उभ्याच एक छोटासा तुकडा वाजवायचा. पंधरा सेकंदांचा. तो ऐकला की आतल्या बाईला कळायचं, मास्तरांचं झालं, चहा टाकायला हरकत नाही. आबा त्या तुकड्याला 'सही' म्हणायचे. "चल, सही करतो नि निघू."

ती नुसती शोभेची नव्हती, बरं का. आबा काही गाणारे-बजावणारे नव्हते. त्यांनी ती अशी बेतली होती की खालपासून वरपर्यंत जिथं जिथं सूर दगा देतात, तिथं तिथं बोट पडलंच पाहिजे. काही कच्चं राहिलं असेल तर सही करताना ते ओरडून सांगतं. आणि मधेच एका जागी ती अडखळायची. चढत चढत जायची, आता पुढचा सूर येणार म्हणून कान टवकारावेत, आणि तिथं काहीच नाही. रिकामं. मग पुढं.

कारण एवढंच, की आबांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धी होती. जिन्यावरून पियानो उतरवताना खालच्या माणसाने हात सोडला आणि करंगळी कठड्यात चेचली. तो सूर त्या करंगळीचा. बोट पोचायचं नाही, म्हणून आबा तो गाळायचे, आणि सगळं झाल्यावर डाव्या हाताने तेवढा एकटा वाजवायचे. टण्. तो सूर ते तोवर पक्का करायचेच नाहीत. शेवटी सूर लावायच्या चावीने तारेच्या खुंटीला एक बारीकसा पीळ, टण्, आणि झाकण बंद.

मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. माझ्या दोन्ही करंगळ्या शाबूत आहेत, तरी मी तो सूर गाळतो आणि शेवटी लावतो. पस्तीस वर्षं झाली. हात दुसरं काही ऐकतच नाहीत.

माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. पोरवयात इतका वाळका होता की आबांनीच त्याला सुतळी म्हणायला सुरुवात केली. मी सातवीतून शाळा सोडून आबांच्या मागे अवजारांची पेटी घेऊन फिरायला लागलो. सुतळीला मात्र आम्ही शिकवलं. आबा गेल्यावर मी शिकवलं. गाणं, वाजवणं, कागदावर सूर लिहिणं, सगळं. त्याच्या डोक्यात होतंच ते, मी उगाच श्रेय घेत नाही.

तर हा एक दिवस दुकानात आला. पुढे दुकान, मधे माझी कामाची खोली, मागे अडगळीची खोली, वर आमचं बिऱ्हाड.

"दादा, मला तुझी मागची खोली पाहिजे."

"का? बायकोने हाकललं?"

"माझं लग्न कुठं झालंय?"

"मग आधीच हाकललं असेल."

हसला नाही. म्हटलं, मामला गंभीर आहे. म्हणाला, "गाणं करायचंय. एकच. पण सगळं मीच वाजवणार, मीच गाणार, मीच रेकॉर्ड करणार. कोणाची मदत नाही."

"खोली सोडून."

"खोली सोडून. आणि ते मागचं हार्पसिकॉर्ड सोडून. ते लावून देशील?"

हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोची वाळकी आत्या समजा. पियानोत तारेवर हातोडी पडते, यात एक बारीक काटा तार छेडतो. जुन्या काळी राजेरजवाड्यांच्या दरबारात असायचं. एक संगीतशाळा बंद पडली तेव्हा ते माझ्याकडे भंगारात आलं होतं. एकसष्ट पट्ट्या, त्यातल्या चाळीस मुक्या. सुतळीला हवं होतं ते असलंच काहीतरी. दरबारी वाद्यं आणि वर आजचं गाणं. बरोक पॉप म्हणतात त्याला म्हणे. मी म्हटलं, तुला काय म्हणायचं ते म्हण, काटे मला कापायचेत.

सव्वा महिना मी भिंगाखाली काटे कापले. एकेक घासायचा, बसवायचा, वाजवून बघायचा, परत काढून घासायचा. गिऱ्हाइकांची कामं मागं पडली. त्या मुदतीत सुतळीने खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या, दाराला घोंगडी ठोकली. मग फर्मान निघालं. दहा ते एक हातोडी वाजवायची नाही, करवत नाही, बूट घालून चालायचं नाही. मी माझ्याच दुकानात मोजे घालून चोरासारखा हिंडायचो. वरच्या फ्रिजची घरघर खाली येते म्हणून तोही तेवढा वेळ बंद.

आमची ही वैतागली. "भाऊजी, गाणं तुमचं आणि दूध माझं नासतंय."

"वहिनी, तुमचं नाव टाकतो रेकॉर्डवर."

"नाव नको, दूध आणा."

काटे बसले, तारा लागल्या, त्या दिवशी तो बाजूलाच वायरी गुंडाळत बसला होता. मी सवयीने सही केली. चढलो, रिकामी जागा, उतरलो, शेवटी पीळ दिला, टण्. झाकण लावायला गेलो तर यानं माझं मनगट धरलं.

"परत वाजव."

"काय झालं? बेसूर आहे?"

"नाही. परत वाजव."

वीस वेळा वाजवायला लावलं असेल. जन्मभर ऐकलेलं पोरानं, पण पियानोवर. या काट्याच्या वाद्यावर ते निराळंच वाटत होतं, कुणी कुलपात किल्ली फिरवून बघावी तसं. तो म्हणाला, "दादा, हे गाणं आहे रे. इतकी वर्षं आपल्या घरात गाणं होतं आणि आपण त्यानं तारा तपासत बसलो."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? आबांना जाऊन अठरा वर्षं झाली होती. त्यांचा घरात एक फोटो, तोही कुणाच्या तरी लग्नातला, अर्धा चेहरा हारामागे. दुसरं काहीच मागं नव्हतं. मी म्हटलं, "घे की मग. पण एक कर. रेकॉर्डच्या वेष्टनावर मागे कुठंतरी एक ओळ टाक. हा तुकडा आबांचा म्हणून. माझं नाव नको, फक्त आबांचं."

"हे काय सांगायला पाहिजे, दादा?"

झालं. मी निर्धास्त.

चार महिने तो त्या खोलीत होता. एक वाद्य वाजवायचा, ते रेकॉर्ड करायचा, कानाला लावून त्याच्यावर दुसरं वाजवायचा. चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, कुणाकडून तरी मागून आणलेला. बासरी स्वतःची. ढोल म्हणून माझी रिकामी अवजारांची पेटी बडवली. स्वतःचाच आवाज आठ वेळा एकावर एक चढवला आणि समूहगान केलं. एकदा मी शिंकलो, तर तीन तासांचं काम गेलं. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

पूर्ण झाल्यावर आम्हा दोघांना बसवून ऐकवलं. साडेतीन मिनिटांचं. सुरुवातीला नुसती आबांची सही, हार्पसिकॉर्डवर. मग खालून चेलो येतो, मग याचा आवाज, मग ते आठ सुतळी एकदम. आणि दर वेळी ती रिकामी जागा. सगळी वाद्यं तिथं थांबतात, श्वास अडकल्यासारखी. सगळं गाणं त्या एका सुरासाठी तडफडतं आणि तो येतच नाही. अगदी शेवटी, सगळं शांत झाल्यावर, एकटा, टण्.

आमची ही पदरानं डोळे पुसत होती. मी म्हटलं, "वरची तार जरा ढिली वाटली," आणि खाली निघून आलो. दुसरं काय करणार?

मग एक रेकॉर्ड कंपनीवाला त्याला भेटला. गाणं फोनवर निघालं, पाठोपाठ छोटी तबकडीही काढली. हल्ली परत तबकड्यांची हौस आहे लोकांना. पार्सल आलं. सुंदर वेष्टन. पुढे माझ्या मागच्या खोलीचा फोटो, गाद्या-बिद्यांसकट. मी उलटी केली. मागे लिहिलेलं: 'शब्द, चाल, सर्व वाद्ये, सर्व आवाज, ध्वनिमुद्रण: एकट्याने.'

मी आतला कागद काढला. त्याच्या दोन्ही बाजू बघितल्या. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बघितलं.

"चष्मा लावा," ही म्हणाली.

"लावलाय."

तिनं माझ्या हातातून घेतली, वाचली, आणि टेबलावर पालथी ठेवली.

मी फोन केला. "सुतळ्या, एक ओळ राहिली."

"दादा, मी सांगणारच होतो तुला. अरे, तो कंपनीवाला म्हणाला, एकट्याने केलं हाच तर मुद्दा आहे. लोक त्याच्यासाठीच ऐकतायत. आता त्यात आबांचं नाव टाकलं तर मग एकट्याने कसं?"

"पण एकट्याने नाहीच ना केलंस."

"गाणं मीच केलं, दादा. आबांचं काय होतं? तपासणी होती ती. तारा बरोबर आहेत की नाही बघायची. तुला वाईट वाटेल, पण त्याला चाल म्हणत नाहीत."

"आणि ती रिकामी जागा?"

तो म्हणाला, "रिकामी जागा कुणाच्या नावावर असते का रे?"

मी फोन ठेवला. शिकलेल्या माणसाशी भांडताना माझं असंच होतं, उत्तर दुसऱ्या दिवशी सुचतं. त्याचं सगळंच खोटं होतं असंही नाही. आबांच्या हातून गाणं झालं नसतं, माझ्याही नाही. पण अर्ध्या करंगळीचं काय करायचं? ती कुठं ठेवायची?

गाणं मात्र चाललं. दुकानात, रिक्षात, न्हाव्याकडे. रेडिओवर त्याची मुलाखत झाली. बाईनं विचारलं, "तो गाळलेला सूर! तो तुम्हाला सुचला कसा?" आमचा हिरो म्हणाला, "एका सकाळी एकटाच बसलो होतो, आणि जाणवलं की जे नाही तेच जास्त ऐकू येतं." हिनं उठून रेडिओ बंद केला आणि भाजी चिरायला बसली. सुरीचा आवाज जरा जास्तच येत होता.

आणि मग माझे हाल सुरू झाले. कुणाच्या घरी काम आटोपलं, सही केली, की आतून आवाज. "अय्या, तुम्हीपण ते गाणं वाजवता?" एका डॉक्टरीणबाईंनी तर माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाल्या, "छान वाजवता हो. मधे तो सूर गाळतात तेसुद्धा बरोब्बर उचललंत." उचललंत! मी आपला चावी पुसत उभा. सांगणार काय? की बाई, ही माझ्या बापाची सही आहे? वेडा समजल्या असत्या.

मग त्याचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. आठशे खुर्च्यांचं नाट्यगृह. हार्पसिकॉर्ड तेच लागणार होतं आणि ते वाद्य माझ्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. तो स्वतः आला नाही, निरोप पाठवला. ही म्हणाली, "जाऊ नका." मी गेलो. वाद्य माझं होतं, त्याचा काय दोष?

कार्यक्रम पाचला, मी दोनपासून स्टेजवर. दिव्यांच्या उष्णतेनं तारा उतरतात, त्यामुळं सगळं दोनदा लावलं. मन लावून लावलं, कुणाचीही शपथ घेऊन सांगतो. साडेचारला सुतळी आला. नवा काळा कोट. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, लहानपणी आबांची वाट बघत दारात उभा राहायचा तसा, एक पाय दुसऱ्यावर घासत.

"झालं?"

"झालं."

तो उभाच. मी चावी पेटीत टाकली, फडक्यानं पट्ट्या पुसल्या. तरी उभा.

"दादा, सही?"

"दुसऱ्याच्या नावाची सही मी करत नाही."

मी झाकण लावलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, अगदी खरं सांगतो. वर्षभर जे उत्तर सुचत नव्हतं ते त्या क्षणी तोंडात आलं होतं. पेटी उचलली आणि पडद्यामागे एका खोक्यावर जाऊन बसलो, राजासारखा.

ते गाणं त्यानं शेवटाला ठेवलं होतं. सगळी वाद्यं यंत्रातून, हार्पसिकॉर्ड आणि गळा खरा. सुरू झालं. सभागृह एकदम गप्प. सुरुवातीची सही वाजून संपली आणि माझा डावा हात मांडीवर आपोआप हलला, बोट पुढं आलं, टण् करायला.

बोट तसंच अधांतरी राहिलं.

तो सूर. तो मी लावलाच नव्हता. तो आम्ही शेवटीच लावतो ना, सहीनंतर. सही केली नाही, म्हणून हात तिथपर्यंत गेलाच नाही. एकसष्ट पट्ट्यांतली तेवढी एक तार उतरलेली, आणि ती कुठं येणार तर सगळं शांत झाल्यावर, एकटी.

तीन मिनिटं मी त्या खोक्यावर बसून होतो. उठून सांगू कुणाला? त्याला थांबवू कसा? सुतळी गात होता, डोळे मिटून, आणि काय गात होता! दर रिकाम्या जागी आठशे माणसं श्वास धरायची, आणि मला वाटायचं, अजून एकदा वळू दे, अजून एकदा, संपू नको. संपलं. शांत झालं. त्यानं डावा हात उचलला.

सूर पडला तो कुजकाच. दात किडावा तसा.

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाकीचे गोंधळून गप्प. मग टाळ्या झाल्या, उभं राहून झाल्या, पण मी ऐकत नव्हतो. पस्तीस वर्षांत माझ्या हाताखालून बेसूर वाद्य गेलं नव्हतं, आणि गेलं ते आठशे माणसांसमोर.

आत आल्यावर त्यानं दार लावून घेतलं. ओरडला नाही. "मुद्दाम केलंस?"

"नाही."

"खरं सांग, दादा."

"विसरलो. सही केली नाही म्हणून विसरलो. आबांची शपथ."

"आबांना मधे आणू नकोस." कोटाची बटणं काढता येत नव्हती त्याला. "एवढा राग होता तर थोबाडीत मारायची होतीस. मी खाल्ली असती. सूर कशाला मारलास?"

त्याच्या जागी मी असतो तर माझाही विश्वास बसला नसता. घरी येईस्तोवर तर माझाच माझ्यावर बसेना.

दोन दिवसांनी पेपरात आलं. हिनं वाचून दाखवलं, मधेच थांबली, मी म्हटलं, वाच. लिहिलं होतं की तबकडीपेक्षा कार्यक्रम सरस झाला, कारण ज्या सुराची आपण गाणंभर वाट बघतो तो अखेर मिळतो तेव्हा नासलेला असतो, आणि हे धाडस फक्त हाच कलावंत करू जाणे. म्हणजे बघा. आबांचा गाळलेला सूर त्याच्या नावावर, आणि माझी चूकसुद्धा त्याच्याच नावावर.

आता तो दर कार्यक्रमात तसंच वाजवतो म्हणे. हार्पसिकॉर्ड त्यानं माणसं पाठवून नेलं, दुसरा ट्यूनर धरला, आणि त्याला सांगून ठेवलंय की एवढी एक तार उतरवून ठेवत जा. दुकानाकडं फिरकलेला नाही. मागच्या खोलीतल्या गाद्या मी काढल्या नाहीत. काढायला पाहिजेत, कसर लागेल.

मी महिनाभर सही सोडून बघितली. सरळ खालून वर बोटं फिरवायचो नि निघायचो. पाच घरांतून परत बोलावणं आलं, मास्तर, एक सूर चुकतोय. कुठला ते विचारायची गरज नव्हती. धंदा बुडायची पाळी आली तेव्हा परत सुरू केली. काम आहे ते, करावंच लागतं.

परवा एका शाळामास्तरीणबाईंकडे होतो. जुना उभा पियानो, पण जीव लावून ठेवलेला. सगळं लावलं आणि सही सुरू केली. बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या. मान डोलावत होत्या. मी थांबलो, चावी शेवटच्या खुंटीवर ठेवली.

"यातला शेवटचा सूर जरा पडका असतो ना हो?"

"हल्ली गाण्यात असतो."

"मग?"

"तुमच्या पियानोत नाही." मी पीळ दिला आणि वाजवला. टण्. स्वच्छ होता. झाकण लावलं आणि पेटी भरायला घेतली.

बाई अजून दारातच, ओल्या हातानं. कशाची तरी वाट बघत. "तुमचं गाणं छान झालं हो," त्या म्हणाल्या, "पण काम किती राहिलंय अजून? नाही, म्हणजे चहा केव्हा टाकू त्या अंदाजानं."

"झालं काम," मी म्हटलं.

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा सही करूनही तोंडानं सांगावं लागलं.